चिखलांत फसलेली गाडी आणि मदतीचें मोल

संकटांत सांपडलेल्यास हात द्यावा, हें कोणासहि शिकवावें लागत नाहीं. परंतु हात देणारानें त्याबद्दल कांहीं घ्यावें कीं नाहीं, घ्यावयाचें तर किती, आणि ज्याचें काम झालें त्यानें तें कोणत्या मनानें द्यावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. मोठमोठ्या ग्रंथांत त्याचें उत्तर शोधण्यापूर्वीं भर पावसाळ्यांत वऱ्हाडांतील एखाद्या पांदणीवर तो प्रश्न प्रत्यक्ष पाहिलेला बरा.

अशी कल्पना करावी कीं, अकोल्याच्या जठारपेठेंत राहणारें एक सुशिक्षित कुटुंब श्रावणांतल्या एका रविवारीं स्वतःच्या मोटारींतून नरनाळ्याचा किल्ला पाहावयास निघालें आहे. अकोट मागें पडतें. कोणी तरी जवळची वाट सांगतो आणि मोटार डांबरी रस्ता सोडून शेतांमधल्या वाटेला लागते. वरून पाहतां वाट सुकलेली दिसते. आंतली माती मात्र ओलीच असते. थोडें पुढें गेल्यावर चाकें गरगर फिरूं लागतात आणि गाडी जागची हलत नाहीं. वऱ्हाडच्या काळ्या कन्हार जमिनीचा हा धर्मच आहे. तिच्यांतील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात, उन्हाळ्यांत आकसतात व जमिनीला हात हात भेगा पडतात. जी माती कपाशीच्या मुळांशीं महिनोन् महिने ओलावा धरून ठेवते, तीच चाकालाहि धरून ठेवते. चालक जों जों यंत्राला जोर लावितो, तों तों चाक आपला खळगा अधिक खोल करितें आणि अखेर गाडीचें पोट चिखलावर टेकतें.

इतक्यांत धुऱ्यावरून एक शेतकरी येतो. “फसली काय जी गाडी?” तो विचारतो. उत्तर डोळ्यांसमोरच असतें. “थांबा, बैलजोडी आणतो.” मोटारीचे मालक हायसें वाटून विचारतात, “काय द्यावें लागेल, दादा?” शेतकरी हंसतो व म्हणतो, “द्या जी समजून.”

हे तीन शब्द वऱ्हाडच्या सौजन्याचे द्योतक आहेत यांत शंका नाहीं. परंतु पुढील कटुतेचें बीज पुष्कळदां त्यांतच असतें. समजून द्यावयाचें, पण कोणी काय समजावयाचें? मालकांच्या मनांत दोनशें रुपये असतात, शेतकऱ्याच्या मनांत हजार. दोघेहि आपला आंकडा बोलत नाहींत. गाडी निघते, नोट पुढें होते, आणि ज्या दोन माणसांनीं अर्धा तास एकाच दोराला हात लाविला, तीं एकमेकांविषयीं वाईट मत घेऊन परततात. एक म्हणतो, खेड्यांतला माणूस लोभी झाला. दुसरा म्हणतो, शहरांतला माणूस कृतघ्न आहे. वस्तुतः लोभीहि कोणी नव्हता आणि कृतघ्नहि कोणी नव्हता. ठरविण्याचें तेवढें राहून गेलें होतें.

या व्यवहारांत शेतकऱ्याचें काय खर्ची पडतें, हें शहरांतील माणसास सहसा दिसत नाहीं. त्याला दिसतो तो अर्धा तास. पावसानें उघडीप दिल्यावर शेतांत वाफसा येतो, म्हणजे माती न चिकटतां औत चालेल इतकाच ओलावा उरतो. तो एक-दोन दिवसच टिकतो, आणि तेवढ्यांत डवरणी उरकली नाहीं तर तण पिकाच्या डोक्यावर जातें. वाफशाच्या दिवशीं डवऱ्याचे बैल सोडून मोटारीस जुंपणें, हा साधा अर्धा तास नव्हे. उलट वाफसा नसेल, रान पुरतें ओलें असेल, तर बैल रिकामे असतात खरे. पण तेव्हां त्यांचे पाय घसरण्याचें भय अधिक. ओढतांना बैल गुडघ्यावर आला व त्याचा पाय मुरगळला, तर त्या घरचा हंगाम बुडतो. ट्रॅक्टर आणला तरी डिझेल जळतें आणि तोहि चिखलांत रुतण्याची भीति असतेच. शिवाय श्रावण अमावास्येस पोळा येतो. त्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. कोणी पोळ्याच्या दिवशीं बैल जुंपण्यास नकार दिला, तर नोट वाढवून त्याचें मन वळविण्याचा प्रयत्न करणें अशिष्टपणाचें होय. त्यानें कोणाचा ट्रॅक्टर मिळवून दिला, तर तेवढाहि उपकारच समजावा.

आपल्या भाषेंत या विषयावर दोन म्हणी आहेत, आणि त्या दोन बाजूंचे दोन दोष नेमके दाखवितात. “अडला हरी गाढवाचे पाय धरी” ही मदत करणाराच्या मोहाची म्हण. समोरचा अडला आहे, अंधार पडत आला आहे, बरोबर बायकामुलें आहेत, तेव्हां मागूं ती रक्कम मिळेल, असा हा मोह. “गरज सरो आणि वैद्य मरो” ही मदत घेणाराच्या मोहाची म्हण. चाक चिखलांत असतां जी मदत अमोल वाटत होती, ती चाक डांबरावर येतांच फुकटची वाटूं लागते. पहिला मोह दोर बांधण्यापूर्वीं होतो, दुसरा दोर सोडल्यानंतर. न्याय्य मोल या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असतें.

कायद्यानेंहि हा मध्य शोधण्याचा यत्न केला आहे. १८७२ चा कराराचा कायदा आजहि आपल्या देशांत लागू आहे. त्याचें ७० वें कलम असें सांगतें कीं, एखाद्यानें दुसऱ्यासाठीं कायदेशीरपणें कांहीं केलें, तें फुकट करण्याचा त्याचा हेतु नव्हता, आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणारानें भरपाई केलीच पाहिजे. म्हणजे “मीं कुठें ठरविलें होतें?” एवढें म्हणून हात झटकतां येत नाहीं. परंतु त्याच कलमाखालीं एक उदाहरण दिलें आहे. एकानें दुसऱ्याची मालमत्ता आगींतून वांचविली. तें त्यानें फुकट करावें या हेतूनेंच केलें असें परिस्थितीवरून दिसत असेल, तर त्याला भरपाई मागतां येत नाहीं. शेजाऱ्याची गंजी पेटली असतां घागर घेऊन धांवलेल्यानें दुसऱ्या दिवशीं घागरींचा हिशेब पाठवूं नये. तेव्हां सारा भर हेतूवर आहे. आणि हेतु बोलून दाखविला तरच दुसऱ्यास कळतो.

अडलेल्याकडून वाटेल तें कबूल करून घेतलें तर काय, याचें एक प्रसिद्ध उदाहरण समुद्रावरचें आहे. इंग्लंडच्या न्यायालयांत १९०३ सालीं ‘पोर्ट कॅलेडोनिया’ आणि ‘ॲना’ या दोन जहाजांच्या प्रकरणाचा निकाल लागला. वादळांत हॉलीहेड बंदरांत आश्रयास आलेलीं हीं जहाजें एकमेकांवर आदळण्याच्या बेतांत होतीं. मदतीस बोलाविलेल्या ओढबोटीच्या कप्तानानें सांगितलें, हजार पौंड, नाहीं तर दोर नाहीं! जहाजाच्या कप्तानास कबूल होण्यावांचून गत्यंतर नव्हतें. न्यायालयानें तो करार रद्द केला. पण ओढबोटीला रिकाम्या हातानें परत पाठविलें नाहीं. दोनशें पौंड देवविले. या निकालांत सबंध नीति सांठविली आहे. अडवणूक करून मिळविलेलें वचन टिकत नाहीं, आणि केलेलें काम मोलावांचून राहत नाहीं.

समुद्रावर आणखी एक रीत आहे. बुडतें जहाज वांचविणारे बहुधा अशा करारावर काम करितात कीं, यश आलें तरच मोबदला, नाहीं तर कांहीं नाहीं. मात्र यश आल्यास जहाज व माल यांची किंमत, संकटाचें स्वरूप आणि वांचविणाराचें कौशल्य हें सर्व पाहून मोबदला ठरतो. ही रीत पांदणीवर जशीच्या तशी आणतां येत नाहीं. ओढबोटीच्या मालकाचें एक काम फसलें तर दुसऱ्यांत भरून निघतें. शेतकऱ्याचे बैल मात्र गाडी निघो वा न निघो, सारखेच थकतात. म्हणून जमिनीवर श्रमाचें मोल वेगळें आणि यशाचें बक्षीस वेगळें ठेवणें अधिक न्याय्य आहे.

गाडीच्या किंमतीवरून मोल ठरवावें काय, असा प्रश्न कोणी विचारील. डिसेंबर २०२४ मध्यें अलिबाग तालुक्यांतील रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फेरारी जातीची कोट्यवधी रुपयांची मोटार वाळूंत रुतली, आणि शेवटीं ती एका बैलगाडीला बांधून बाहेर काढावी लागली. तें दृश्य देशभर लोकांनीं कौतुकानें पाहिलें. आतां, मोटार कोटीची म्हणून बैलांचे श्रम कोटीचे होत नाहींत; बैलाला वाळू सर्वत्र सारखीच जड. पण तीच मोटार भरतीच्या पाण्यांत गेली असती तर किती हानि झाली असती, हें मालकानें मनाशीं आणावें आणि ठरल्या रकमेवर आपण होऊन कांहीं घालावें, हें शोभून दिसतें. मागणारानें श्रम व धोका पाहून मागावें. देणारानें वांचलेली हानि पाहून द्यावें. अशी दृष्टि दोघांनीं ठेविली तर भांडणास जागाच उरत नाहीं.

आतांपर्यंत वस्तूविषयीं झालें. जिवाची गोष्ट निराळी आहे. शीत देशांत बर्फावरून धांवणारी यांत्रिक गाडी असते. क्यूबेक प्रांतांतील बोंबार्डिए यांनीं १९३७ पासून अशा मोठ्या गाड्या विकण्यास आरंभ केला, आणि १९५९ मध्यें एका-दोघांची हलकी गाडी बाजारांत आणली. आतां लोक त्या घेऊन निर्जन डोंगरांत जातात, आणि त्या सैल बर्फांत वऱ्हाडांतल्या मोटारीसारख्याच रुततात. अमेरिकेंत अशा प्रसंगीं हरवलेल्या माणसाचा शोध पुष्कळ ठिकाणीं स्वयंसेवक विनामूल्य घेतात. माणूस सुखरूप परत आणला म्हणजे त्यांचें कर्तव्य संपलें. गाडी डोंगरांतच राहते. ती हवी असेल तर मालकानें पैसे मोजून माणसें, यंत्रें, प्रसंगीं हेलिकॉप्टरसुद्धां आणावें. न्यू हॅम्पशायर राज्यांत निष्काळजीपणें वागून संकटांत पडलेल्याकडून शोधाचा खर्च वसूल करण्याची तरतूद आहे. पण ती वसुलीहि माणूस सांपडल्यानंतरची. स्वित्झर्लंडमध्यें १९५२ पासून ‘रेगा’ नांवाची हवाई मदत संस्था आहे. तिला लक्षावधि लोक दरसाल वर्गणी देतात, म्हणून संकटाच्या घटकेस पैशाचें बोलणें काढावें लागत नाहीं. आपल्या सह्याद्रींतहि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र संस्थेसारखे गिर्यारोहकांचे गट आपला कामधंदा बाजूस ठेवून, मोबदल्याची अपेक्षा न धरतां, दरींत उतरत आले आहेत.

आपल्या मोटार कायद्यांतहि २०१९ च्या दुरुस्तीनें अपघातांतील जखमीस सद्बुद्धीनें मदत करणारास संरक्षण दिलें आहे. त्याच्यामागें फिर्यादीचें झेंगट लागूं नये हा त्याचा उद्देश. म्हणून पांदणीवर फसलेल्या मोटारींत कोणी आजारी असेल, बाळंतपणास निघालेली लेक असेल, तर तेथें घासाघीस हा शब्दहि उच्चारूं नये. वऱ्हाडचा शेतकरी तो उच्चारणारहि नाहीं. मात्र ज्याचा जीव वांचला त्यानें त्या नि:शब्द उपकाराची आठवण ठेवून मागाहून जाऊन भेटावें, हें त्याचें कर्तव्य आहे.

श्रोत्यांपैकीं जे पावसाळ्यांत शहराबाहेर जातात त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. गाडी फसली कीं यंत्राला जोर देत बसूं नये. चाकांपुढचा चिखल काढून खालीं पऱ्हाट्या, तुराट्या किंवा दगड घालावे. दोर गाडीच्या मजबूत आंकड्यालाच बांधावा, आणि तो ताणला असतां मुलाबाळांना दूर उभें करावें. दोर बांधण्यापूर्वीं मोकळेपणानें विचारावें: “दादा, गाडी निघाली तर किती, आणि नच निघाली तर तुमच्या कष्टाचे किती?” समोरचा “द्या जी समजून” म्हणाला, तर आपण होऊन आंकडा बोलावा व त्याची मान डोलल्यावरच पुढें जावें. ठरलेली रक्कम गाडी निघतांच, खळखळ न करतां, नमस्कार करून हातांत ठेवावी. तो कांहींच घेईना, तर नोट त्याच्या खिशांत कोंबूं नये. “पुन्हा या बाजूस आलों तर भेटूं,” असें म्हणावें, आणि खरोखरच भेटावें. फुकट मदत करण्याचा मान हीहि त्याची मिळकतच आहे. ती हिरावून घेण्याचा अधिकार कोणास नाहीं.

सारांश इतकाच कीं, मोल मागितल्यानें मदत हलकी होत नाहीं आणि मोल दिल्यानें उपकार फिटत नाहीं. हिशेब कोठें आधीं करावा व कोठें मागून, एवढा विवेक मात्र हवा. जीव अडला असेल तेथें आधीं हात, मग हिशेब. वस्तु अडली असेल तेथें आधीं हिशेब, मग दोर.