छायाचित्राच्या पोटातील पत्ता
(कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोर्चा, धरणे, वस्तीतील बैठक यांची छायाचित्रे काढून ती दहा जणांना पाठविणे हा आता आपल्या कामाचाच भाग झाला आहे. पूर्वी छायाचित्र म्हणजे कागद. त्यावर दिसे तेवढेच तो सांगे. आजच्या छायाचित्राच्या पोटात मात्र एक न दिसणारी चिठ्ठी असते. जपानमधील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली तिचा नमुना ठरविला. तिला ‘एक्झिफ’ म्हणतात. चित्र केव्हा, कोणत्या यंत्राने घेतले, हे तीत नोंदलेले असते आणि छायाचित्रकाराला ते उपयोगीही पडते. पण उपग्रहांच्या साह्याने स्थान ओळखणारे फोन आले आणि त्या चिठ्ठीत अक्षांश-रेखांशही उमटू लागले. मोकळ्या आभाळाखाली ते काही मीटरपर्यंत अचूक असतात. म्हणजे नुसते गाव नव्हे, घर.

डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकाफी या अमेरिकन सॉफ्टवेअर-उद्योजकाला याचा प्रत्यय आला. शेजाऱ्याच्या खुनाच्या चौकशीसाठी बेलीझचे पोलीस त्यांना शोधत होते. सोबत असलेल्या ‘व्हाइस’ नियतकालिकाच्या वार्ताहरांनी त्यांचे छायाचित्र मोठ्या ऐटीत प्रसिद्ध केले, आणि त्यातील चिठ्ठीने ते ग्वाटेमालात असल्याचे जगजाहीर झाले. दोनच दिवसांत त्यांना अटक झाली. संगणक-सुरक्षेवर ज्याने संपत्ती मिळविली, त्याची ही गत!

मॅकाफी यांच्यापाशी निदान पैसा होता, वकील होते. मालकाने मजुरी बुडविली म्हणून आपल्याकडे येणाऱ्या घरकामगार बाईपाशी काय असते? आपण तिचे नाव छापीत नाही, तिचा चेहराही झाकतो. पण तिच्या झोपडीच्या दारात काढलेली मूळ फाइल जशीच्या तशी पुढे पाठविली, तर आपण चेहरा झाकला आणि पत्ता उघडा ठेवला, असेच होते.

व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे चित्र म्हणून पाठविल्यास ही चिठ्ठी गळून पडते. परंतु ‘छपाईला स्वच्छ हवे’ म्हणून आपण तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवितो, आणि मग मूळ फाइल चिठ्ठीसकट जाते. ही सवय आपल्यातील पुष्कळांना आहे, मलाही होती. पाठविण्यापूर्वी ‘एक्झिफटूल’सारख्या विनामूल्य साधनाने नोंदी पुसाव्यात. त्याहून सोपे म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्थानाची नोंद मुळातच बंद करावी.

कोणी म्हणेल, उद्या खटला उभा राहिला तर वेळ-स्थळाचा पुरावाच नाहीसा होईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये. ती एका जबाबदार साथीकडे सुरक्षित ठेवावी आणि बाहेर जाईल ती पुसलेली प्रत. मात्र चित्रात दुकानाची पाटी किंवा शाळेचे फाटक दिसत असेल, तर कोणतेही साधन ते पुसणार नाही. तेथे आपलेच डोळे हवेत.

आता सर्वांनी फोन बाहेर काढावेत. कॅमेऱ्याच्या सेटिंगपासून सुरुवात करू.