शक्ती मुलाकडेच का?

मैत्रिणींनो, ‘कोई मिल गया’, ‘क्रिश’, ‘क्रिश ३’ हे सिनेमे भोर-वेल्ह्यात पोरांबरोबर आपणही टीव्हीवर पाहिलेत. २०२५ मध्ये चौथ्या भागाची घोषणा झाली, म्हणून विचारते, यात नवं काही उरलंय का?

उडणं, यंत्रं, मारामाऱ्या दर भागात नव्या. पण बायका पाहा. २००३ च्या पहिल्या भागात रेखाने केलेली आई बुद्धीने मागे राहिलेल्या मुलाला एकटीने वाढवते. मला तीच सगळ्यांत खरी वाटते. २००६ मध्ये तिची सून नवरा गेल्याच्या दुःखाने मरते, नि नातवालाही हीच म्हातारी वाढवते. २०१३ मधली काया तर नायकावर जीव लावते आणि त्यातच जिवाला मुकते. परग्रहावरच्या जादूने दिलेली शक्ती मात्र बापाकडून मुलाकडे, तिथून नातवाकडे. शेवटी पाळण्यातही मुलगाच!

मला यात करमणूक वाटत नाही. विज्ञान वापरून मुलगाच मिळवायचा, ही आपल्याकडे कल्पनाकथा नव्हती. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा केला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. वंशाच्या दिव्यासाठी किती बाळंतपणं सोसली, हे इथं बसलेल्या कितीजणींना विचारायला हवं?

बाहेर १९७९ मध्येच ‘एलियन’ आला होता. त्यात यानावरची अधिकारी रिप्ली स्वतःच्या हिकमतीवर वाचते. पुढे ती मालिकाही लांबलीच म्हणा.

चौथ्या भागात नात उडाली, तर भोरहून एस.टी.ने पुण्याला जाऊन पहिल्या दिवशी तिकीट काढीन.