मुलांच्या हातची नानकटाई

मुळशीचे नाव निघाले म्हणजे पुणेकरांच्या डोळ्यांपुढे प्रथम धरण उभे राहते, त्यामागून ताम्हिणीचा पाऊस, आणि त्यामागून आंबेमोहोर तांदूळ. अलीकडे यांत आणखी एका चित्राची भर पडली आहे. हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट ही तालुक्याच्या पूर्व अंगाची गावे आता नुसती भातशेतीची गावे उरली नाहीत. संगणकाच्या मोठमोठ्या कचेऱ्या तेथे आल्या, आणि कचेऱ्यांच्या मागोमाग उंच इमारती. त्यांतील बिऱ्हाडे बहुधा तरुण असतात. नवराबायको दोघेही नोकरीत, घरात एक किंवा दोन लहान मुले, आणि आजीआजोबा असतात सातारला, लातूरला किंवा नागपुरास. अशा घरांतील ओट्यावर गॅसच्या शेगडीशेजारी विजेची छोटी भट्टी, म्हणजे ओव्हन, दिसू लागली आहे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि मुले महिनेमहिने चार भिंतींत अडकून पडली, तेव्हा केक, पाव व बिस्किटे घरी भाजण्याचा छंद कित्येक घरांत शिरला. टाळेबंदी उठली; छंद मात्र पुष्कळ घरांतून उठला नाही.

हा छंद चांगला की वाईट, हा वाद घालण्यात अर्थ नाही. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. हा छंद घरात कोणाचा असतो? पुष्कळदा असे दिसते की पीठ आई चाळते, साखर आई मोजते, साच्यात मिश्रण आई ओतते. आणि सगळे सिद्ध झाले म्हणजे मुलास स्टुलावर उभे करून त्याचे छायाचित्र काढले जाते. त्यापूर्वी त्याने ऐकलेले असते, “हात लावू नकोस, सांडशील,” आणि त्यानंतर ऐकावयाचे असते, “आता खेळायला जा.” मुलाच्या वाट्याला या साऱ्या उद्योगातून केवळ खाणे येते. खाणे काही कमी मोलाचे नव्हे. परंतु ते विकतच्या पुड्यातूनही मिळते.

महाराष्ट्रात बिस्किटाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 1890 साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका समारंभास शहरातील प्रतिष्ठित मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हेही त्यांत होते. तेथे चहा व बिस्किटे पुढे आली. ही वार्ता वर्तमानपत्रात छापून आली, आणि एवढ्याशा फराळावरून ग्रामण्य होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. कित्येकांस प्रायश्चित्तही घ्यावे लागले. ज्या शहरात एका बिस्किटाने एवढी खळबळ माजविली, त्याच शहरात पुढे बेकरीबाहेर रांगा लागू लागल्या.

त्या दोन काळांच्या मधला दुवा म्हणजे नानकटाई. आज पन्नाशी-साठी उलटलेल्या कित्येकांस उन्हाळ्याच्या सुटीतील तो सोहळा आठवेल. घरात तेव्हा भट्टी नसे. तूप, साखर, रवा, मैदा असे सामान मोजून घेऊन, बरोबर पत्र्याचे रिकामे डबे घेऊन, मंडळी बेकरीत जात. आपल्या सामानाची नानकटाई आपल्यासमोर होई आणि डबे भरून घरी येई. या साऱ्यात मुलांचे काम ठरलेले असे. डबा धरणे, रांगेत नंबर राखणे, आणि आपली परात शेजारच्या कोणाच्या परातीशी बदलली तर जात नाही ना, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणे. काम लहान, पण खरे होते. ते चुकले असते तर घराचे नुकसान झाले असते. मुलास हा फरक फार लवकर कळतो. आपल्याला गुंतवून ठेवण्यासाठी दिलेले काम आणि आपल्यावाचून अडणारे काम, ही दोन्ही तीन वर्षांचे मूलही वेगळी ओळखते.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 साली रोम शहरात आपले पहिले बालगृह उघडले. त्यातील मुलांच्या कामांत ओतणे, झाडणे, पुसणे, जेवणाची तयारी करणे या घरगुती गोष्टींना मानाचे स्थान मिळाले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांस तेथेच येऊन मिळाल्या. महागडी परदेशी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, तेव्हा खडे, बिया, पाने, शंखशिंपले अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून त्यांनी साधने बनविली. हिंजवडीच्या बाराव्या मजल्यावरील आईबापांसही हाच धडा उपयोगी पडेल. वयानुसार शैक्षणिक म्हणून विकली जाणारी खेळणी घरात ढिगाने असतात. आणि चाळण, वाटी, परात व लाटणे ही साधने मुलाच्या हातास न लागतील अशा उंच फळीवर ठेविलेली असतात.

नानकटाईची कृती तशी सोपी. एक वाटी थिजलेले साजूक तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, चिमूटभर खाण्याचा सोडा, थोडी वेलदोड्याची पूड. तूप व साखर परातीत घेऊन तळहाताने फेसावयाची, ती पांढरी व हलकी होईपर्यंत. येथेच मुलांचा पहिला अधिकार आहे. परातीत दोन्ही हात घालून तूप फेसण्याइतके सुख लहान मुलास क्वचितच कायदेशीरपणे मिळते. फेसताना तुपात हवेचे बारीक बुडबुडे कोंडले जातात, आणि भट्टीच्या उष्णतेने ते फुगतात. म्हणून या कामात घाई चालत नाही. मग चाळलेला मैदा मिसळावयाचा, पण कणकेसारखा मळावयाचा नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले म्हणजे त्यातील प्रथिनांचे चिवट धागे तयार होतात. पोळी लाटता येते ती त्यांच्याच बळावर. तुपाने पिठाचा कण न् कण माखला गेला की हे धागे नीट जुळत नाहीत, आणि पदार्थ खुसखुशीत होतो. शंकरपाळ्यांत कडकडीत मोहन घालणाऱ्या आजीस हे सूत्र कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते. ती फक्त म्हणे, “मोहन कमी पडलं, तर दगड होतील हो!”

तीन-चार वर्षांच्या मुलाने पीठ चाळावे आणि गोळे दाबावे. पाच-सहा वर्षांच्याने वाट्या मोजाव्या. आठ वर्षांच्या मुलीला चोवीस गोळे तीन ताटांत सारखे मांडावयास सांगितले, तर भागाकार शिकविण्याचा निराळा तास घ्यावा लागत नाही. कच्चे पीठ मात्र कोणास चाखू देऊ नये. ते पोटास बाधू शकते. तापलेल्या ओव्हनचे दार उघडणे, ताट आत सारणे व बाहेर काढणे हे काम मोठ्यांचे, आणि त्याविषयी घरात सवलत नसावी. साधारण 170 अंश सेल्सिअसवर पंधरा ते वीस मिनिटे लागतात. ही पंधरा मिनिटे साऱ्या उद्योगाचा सर्वांत कठीण भाग होय. “आई, झालं का?” “नाही रे राजा.” “आता?” हा संवाद दहा वेळा होतो. बोट लावताच चित्र बदलणाऱ्या यंत्राबरोबर वाढणाऱ्या मुलास, कितीही विनवले तरी भट्टी लवकर होत नाही, हे येथे प्रत्यक्ष कळते. काचेच्या दारापलीकडे गोळा पसरतो, त्याच्या माथ्यावर भेग पडते, कडेला तांबूस छटा येते. ते पाहत बसलेले मूल त्या वेळी रिकामे बसलेले नसते.

आता मुळशीच्या तांदळाकडे वळावे, कारण या छंदाचे सारे सामान बाहेरून आणावयाचे आणि दाराशी पिकणारे धान्य विसरावयाचे, हे काही शहाणपणाचे नव्हे. आंबेमोहोर शिजू लागला की आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो. त्याचा दाणा आखूड व भात मऊ, म्हणून तान्ह्या मुलाच्या पेजेस व गुरगुट्या भातास तो विशेष मानतात. त्याचे पीक उंच वाढते, लोळते, आणि उतारा कमी देते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली इंद्रायणी ही आंबेमोहोराच्याच वंशातील जात बाहेर पडली, तेव्हापासून पुष्कळ खाचरांत तिनेच जागा घेतली आहे. यांपैकी कोणत्याही तांदळाची पिठी नानकटाईत घालता येते. दोन वाट्या मैद्यातील अर्धी वाटी काढून तिच्या जागी पिठी घातली, तर तुकडा अधिक कुरकुरीत होतो. स्कॉटलंडच्या प्रसिद्ध लोणी-बिस्किटातही तांदळाचे पीठ घालण्याचा प्रघात जुना आहे.

मात्र नुसत्या पिठीचा पाव फुगत नाही, आणि तो का फुगत नाही, हे मुलांस दाखविण्यासारखे आहे. एका वाडग्यात कणीक व थंड पाणी, दुसऱ्यात पिठी व थंड पाणी घ्यावे. कणकेचा गोळा ओढला तर ताणतो. पिठीचा तुटून पडतो, कारण तिच्यात ते चिवट धागे नाहीत. मग पिठीत उकळते पाणी घालून उकड काढावी. तांदळातील पिष्ट शिजून चिकट होते, आणि तोच भुगा एकजीव होऊन भाकरीस तयार होतो. पौडच्या पलीकडील एखाद्या घरात चुलीपुढे बसून भाकरी थापणारी बाई हा प्रयोग रोज सकाळी करीत असते. तव्यावर शेकून मग निखाऱ्यांवर फुगविलेली भाकरी हेसुद्धा घरचे भाजकामच आहे. घाटाखाली कोकणात केळीच्या किंवा हळदीच्या पानांत पिठी थापून जी पानगी भाजतात, तीही तसेच. पानगीत तर मुलांस करण्याजोगे काम नानकटाईपेक्षा जास्त. पान पुसावे, पिठी पसरावी, वरून दुसरे पान झाकावे, आणि तव्यावरील पान करपून हळदीचा वास सुटला की उलटण्याची आठवण द्यावी. शहरातून नव्याने आलेल्या घरांनी ओव्हन अवश्य घ्यावा. पण शेजारच्या गावातील एखाद्या मावशींना एकदा घरी बोलावून मुलांना भाकरी थापावयास शिकवा, असे विनवावे. मुले विद्येचा दर्जा पाहत नाहीत. भाकरी फुगली की ती टाळ्या पिटतात.

चूल, शेगडी आणि ओव्हन यांचा विचार करताना मूल कधीतरी विचारतेच, की या भट्टीत जाळ दिसत नाही, मग ऊब येते कोठून? मुळशीत या प्रश्नाचे उत्तर देणे फार सोपे नाही. मुळा नदीवर टाटा कंपनीने धरण योजिले, तेव्हा पन्नासाहून अधिक गावांच्या जमिनींवर संकट आले. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि तेथूनच त्यांना लोक सेनापती म्हणू लागले. “जान किंवा जमीन” ही त्या लढ्याची घोषणा. लढा हरला; धरण झाले. 1927 पासून त्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिरा येथे उतरू लागले आणि त्यावर झालेली वीज मुंबईस जाऊ लागली. ज्या पाण्याने मुंबईत दिवे लागले, त्या पाण्याखाली येथल्या शेकडो चुली विझल्या. सहा वर्षांच्या मुलाला हे सगळे सांगावे की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. परंतु ज्या रविवारी धरणाच्या काठी सहल काढून डब्यातील नानकटाई खावयाची, त्या दिवशी पाण्याकडे बोट दाखवून, “येथे माणसांची घरे होती,” एवढे सांगण्यास हरकत नसावी.

या छंदास घरातूनच दोन धोके संभवतात. पहिला, तो वर्गात शिरण्याचा. चित्रकला, पोहणे, बुद्धिबळ यांच्या जोडीस केकचाही शिकवणी-वर्ग लागला, म्हणजे मुलाच्या आठवड्यातील उरलेली दुपारही संपली. दुसरा धोका आईचा. हाताला चव आहे असे कौतुक झाले की मागण्या येऊ लागतात, वाढदिवसाचे केक विकत दिले जातात, आणि घरखर्चास हातभार लागतो. यात वाईट काहीच नाही. कित्येक स्त्रियांस त्यातून स्वतःचे असे उत्पन्न मिळाले आहे. पण विकावयाच्या केकला मुलाचे बोट लागून चालत नाही. तेव्हा धंद्याचे ताट व मुलांचे ताट निराळे ठेवावे, आणि मुलांच्या ताटातील वाकडी, फुटकी, एका अंगाने करपलेली नानकटाईसुद्धा पाहुण्यांपुढे ठेवावी. ती बाजूला काढून सुबक तेवढीच वाढली, तर कोणाच्या हातची कोणती, हे मूल बरोबर ओळखते. आणि पुढल्या रविवारी चाळण धरावयास येत नाही.

राहता राहिला पाऊस. जून ते सप्टेंबर मुळशीत हवाच इतकी ओली, की कुरकुरीत नानकटाई संध्याकाळपर्यंत मऊ पडते. तिच्यातील साखर हवेतील ओलावा शोषून घेते. यासाठी ती पूर्ण निवाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. गरम भरली तर तिची वाफच तिला भिजविते. मऊ पडलीच, तर मंद भट्टीत पाच-सात मिनिटे ठेवून निवू द्यावी, ती पुन्हा कुरकुरीत होते. डब्याचे झाकण लावण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्यास द्यावे. ते तो चोख करतो. फक्त लावण्यापूर्वी आत एकदा मोजून पाहतो, आणि त्या मोजणीत एखादी कमी भरते.