वाचलं खरं, पण कळलं का?



माझी भाची मराठी माध्यमात दुसरीला आहे. मागच्या वर्षी तिनं घरात सगळ्यांसमोर एक धडा घडाघडा वाचला. सगळे खूश झाले. मी सहज विचारलं, "ती मुलगी विहिरीकडे का गेली?" भाचीनं तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. अक्षरं येत होती, अर्थ पोचत नव्हता. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी नाझरा केलाय. वाचता येणं आणि समजणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपाला म्हटलं, तू तिच्यासोबत बस. ती म्हणाली, "मेरेकू मराठी बराबर नई आती, मैं क्या पढाऊं?" आपल्या कितीतरी घरांत आई इथेच मागे सरते. म्हणून मी चित्रपुस्तक आणलं.

यामागे एक अभ्यास आहे. 1988 मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं: नुसतं वाचू नका, मोकळे प्रश्न विचारा आणि मुलाच्या उत्तरात भर घाला. महिन्याभरात ही मुलं बोलण्यात इतर मुलांच्या पुढे गेली होती.

आम्ही करतो ते असं. आधी मजकूर झाकायचा, चित्र बघायचं. "हे काय आहे?" हा प्रश्न लवकर संपतो, "आता काय होईल?", "तुला कशावरून वाटलं?" हे प्रश्न पुढे नेतात. विचारल्यावर थांबायचं. आपल्याला उत्तर देण्याची घाई असते, ती आवरायची. मूल म्हणालं "मांजर पळाली", तर आपण म्हणायचं, "हो, कुत्र्याला घाबरून मांजर पळाली." मग तेच त्याच्याकडून एकदा म्हणून घ्यायचं. शेवटी मजकूर वाचायचा आणि आपला अंदाज बरोबर होता का ते पाहायचं.

हे सगळं घरच्या बोलीत चालतं. आपा विचारते, "ये बच्चा रोता कायकू?" भाची दखनीत सांगते, मग मी तेच मराठीत म्हणते. विचार करायची सवय एका भाषेत लागली, की ती दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते.

भाची अजून अडखळते. पण आता वाचता वाचता मध्येच थांबते आणि विचारते, "खाला, हे असं का?" घडाघडा वाचणाऱ्या मुलीनं हा प्रश्न कधीच विचारला नव्हता.

पुस्तकं महाग असतात, हे खरं. पण प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर 2015 पासून चित्रकथा मोफत मिळतात, मराठीतही आणि उर्दूतही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकंही परवडणारी आहेत. एकच पुस्तक दहा वेळा वाचलं तरी चालतं. मुलांना ते आवडतं.

"आपल्या पोरांना मराठी जमत नाही" असं कुणी म्हणालं, की आपण चिडतो. चिडून झालं की घरातलं एक मूल जवळ घ्या. रोज दहा मिनिटं, एक चित्र, एक प्रश्न. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.