मनाचें आरोग्य : दिल्लीची योजना व अंबडचा उंबरठा



महोत्सवाच्या दिवशीं दुखण्याचा विषय कां काढला, असें कोणी विचारील. परंतु जेथें रात्रपाळी संपवून माणसें पहांटे घरीं परततात, त्या कारखान्यांच्या अंबडांत आपण राहतों. येथें झोंपेचा व मनाचा विचार आज न करावा, तर केव्हां करावा?

मनोविकाराकडे पाहण्याची सरकारची जुनी रीत कुलुपाची होती. १९१२ च्या कायद्यान्वयें रुग्णास बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानें कोंडीत. ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथें मोठीं मनोरुग्णालयें झालीं. नाशिकच्या वाट्यास त्यांतील एकही आलें नाहीं. ठाण्यास जावयाचें म्हणजे सुमारें दीडशें किलोमीटर, सोबतीस एक माणूस, आणि दोघांचाही रोज बुडाला. शिवाय ‘ठाण्याला नेलें’ हे दोन शब्द आळींत फुटले कीं बहिणीचें लग्न अडलेंच! तेव्हां दुखणें घरांतच दडविलें जाई.

१९८२ सालीं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्यांतील मूळ विचार आम्हांस आजही थोर वाटतो : मनाचा उपचार साध्या दवाखान्यांत, तापखोकल्याच्याच रांगेंत मिळावा. कर्नाटकांतील बेल्लारी जिल्ह्यांत तो करून पाहिला, व १९९६ पासून जिल्हावार योजना सुरू झाली. २०१७ च्या कायद्यानें उपचार हा हक्क ठरविला. २०२२ पासून टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठींतूनही, बोलतां येतें. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत (ती बारा राज्यांत झाली, आपलें त्यांत नव्हतें) सामान्यतः आढळणाऱ्या मनोविकारांचे शंभरांतील सुमारें पंच्याऐंशी रुग्ण उपचाराविना आढळले.

डॉक्टर थोडे, हें याचें अर्धेंच कारण. उरलेलें अर्धें आमच्या जिभेवर आहे. आपल्यांतील एकानें स्वतःचा जीव घेतला, तेव्हां ‘हृदय बंद पडलें’ असें आम्हीं लोकांस सांगितलें. त्याच्या पत्नीनेंही तेंच सांगावें असें तिला सुचविलें. आणि पुढें तिच्या दारीं जाणें हळूहळू सोडून दिलें. १९१७ च्या धर्मसंहितेनें जाणूनबुजून जीव देणाऱ्यास धर्मविधीनें दफन नाकारलें होतें. १९८३ च्या संहितेंत तो नियम राहिला नाहीं. २०१७ च्या कायद्यानेंही असें गृहीत धरलें कीं जीव देऊं पाहणारा तीव्र ताणाखालीं असतो, व त्यास शिक्षा न करतां शुश्रूषा द्यावी. धर्मसंहितेनें व सरकारनें सोडलेली शिक्षा आम्हीं मात्र एका बाईला देत राहिलों.

योजनेच्या कागदांत ‘संवर्धन’ असा शब्द येतो. अंबडांत त्याचा अर्थ आम्हीं असा लावतों : सलग रात्रपाळ्या करून ज्याची झोंप उडाली आहे, जो मिस्सेस येईनासा झाला आहे, त्यास ‘दारू लागली असेल’ असें म्हणण्यापूर्वीं कोणीतरी घरीं जाऊन विचारावें. कावीळ झालेल्याकडे आपण फळें घेऊन जातोंच. पाळ्यांच्या फेऱ्याबद्दल कारखानदारांशींही बोललें पाहिजे. तें काम अवघड आहे, आणि त्यासाठीं येथील कांहीं फोरमन मंडळींची मदत लागेल.

वर सांगितलेल्या बाई अद्याप त्याच घरीं राहतात. आजच्या भोजनाचें आमंत्रण त्यांना गेलें आहे कीं नाहीं, याची चौकशी आम्हीं अजून केलेली नाहीं.