विहिरींची वही

सोलापूर जिल्ह्यांत पाण्याचें मोल कोणाला शिकवावें लागत नाहीं. वर्षाकाठीं सुमारें साडेपांचशें मिलिमीटर पाऊस, आणि त्यांतला मोठा वांटा भाद्रपदाच्या भरंवशावर. उजनीचें धरण 1980 सालीं पुरें झालें. परंतु जेथें कालवा पोंचला नाहीं, त्या गांवांचा जीव अजून विहिरीवरच आहे. अशा मुलखांत विहिरींत पाणी किती व तें कसें, या दोन प्रश्नांचीं उत्तरें लिहून ठेवणें ही केवळ दप्तरी बाब राहत नाहीं.

येथील भूमीखालीं दख्खनचा काळा पाषाण आहे. पाणी सांठतें तें वरच्या मुरमांत आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळें एकाच बांधावरच्या दोन विहिरींपैकीं एक भरलेली, तर दुसरी कोरडी, असा चमत्कार घडतो. एका विहिरीवरून गांवाचें अनुमान बांधणें म्हणूनच धोक्याचें. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, तिनें राज्याचीं सुमारें दीड हजार पाणलोट क्षेत्रें पाडलीं आणि निरीक्षणासाठीं विहिरी नेमून दिल्या. त्याच विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजली जाते. पावसाळा सरल्यावरची पातळी आणि मे महिन्याची पातळी यांतील अंतर म्हणजे वर्षाचा जमाखर्चच होय.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. काठावरील ठराविक खुणेपासून फीत सोडावयाची. मध्यंतरीं कोणी कठडा दोन फूट वाढविला व त्याची नोंद झाली नाहीं, तर पाणी दोन फूट खालीं गेल्याचा भास होतो. नुकताच पंप चालून थांबला असेल, तर आंकडा पुन्हां खोटा. नांवांचा घोळ निराळाच. निमगांव माढ्यांत आहे, तसें माळशिरसांतही आहे. तालुका लिहावयाचा राहिला, कीं एकाचें पाणी दुसऱ्याच्या खातीं जमा! यासाठीं प्रत्येक विहिरीला क्रमांक हवा आणि तिचे अक्षांश-रेखांशही हवेत.

पाणी किती, याहून पाणी कसें, हा प्रश्न नाजूक आहे. गांवचा जलसुरक्षक नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवितो. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला नायट्रेट 45 मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें, असा दंडक आहे. हें द्रव्य खतांतून, उकिरड्यांतून व शोषखड्ड्यांतून झिरपतें. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. पाणी उकळल्यानें तें जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. अशा पाण्यांत कालविलेलें दूध तान्ह्या मुलाच्या पोटांत गेलें, तर रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते व अंग निळसर पडूं शकतें. माउली मात्र पाणी नितळ आहे, या समजुतींत निश्चिंत असते.

येथेंच दोन वह्यांचें एकत्र असणें महत्त्वाचें ठरतें. उन्हाळ्यांत पाणी खोल गेलें, कीं पुष्कळदां क्षार दाटतात; पहिल्या पावसांत उकिरड्याचा निचरा विहिरीकडे वळतो. नमुना कोणत्या तारखेचा आणि त्या दिवशीं पाणी किती खोल होतें, हें शेजारीं लिहिलेलें नसेल, तर ‘पाणी योग्य’ हा शेरा अर्धाच समजावा. उथळ विहीर व खोल विंधनविहीर हींही एका रकान्यांत घालूं नयेत. त्यांचीं पाणी निराळ्या थरांतलीं असूं शकतात. आणि ज्या महिन्यांत कोणी विहिरीवर गेलेंच नाहीं, त्या महिन्याचें घर कोरें सोडावें. अंदाजानें भरलेल्या घरापेक्षां कोरें घर प्रामाणिक असतें.

शहरांतल्या नळाला हा विषय दूरचा वाटेल. परंतु टंचाईच्या दिवसांत दारीं उभा राहणारा टँकर कोठल्या तरी विहिरीवरच भरलेला असतो. ती विहीर कोणती व तिचें पाणी शेवटचें केव्हां तपासलें, हें सुज्ञ गृहिणीनें अवश्य विचारावें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं, हें खरें. पण आडांत जें आहे तें सारें पोहऱ्यांत येतें, हेंही तितकेंच खरें आहे.