बाहेरचं जेवण

इंदुरात सोनं घ्यायला दिवसा जायचं आणि खायला रात्री, पण पत्ता एकच. सराफा! संध्याकाळ उलटली की सराफांच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच पायऱ्यांसमोर कढया, तवे नि शेगड्या मांडल्या जातात. मग मध्यरात्र उलटेपर्यंत तिथे सोन्याची आठवण कोणाला येत नाही. रात्री दुकानांपुढे माणसांची जाग राहावी, चोराचिलटांची भीती नको, म्हणून सराफांनीच पूर्वी या मंडळींना बसू दिलं, असं इंदूरकर सांगतात.

गेल्या हिवाळ्यात मी तिथल्या मित्राकडे चार दिवस राहून आलो. ही माझी तिसरी खेप. पहिल्या दोन खेपांविषयी आधी सांगायला हवं, नाहीतर सराफ्यात काय झालं ते कळायचं नाही.

2001 साली इंदूरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. मी तेव्हा तिशीतला. पदरचे पैसे घालून छापलेला पहिला संग्रह पिशवीत घेऊन सोलापूरहून गेलो होतो. मंडपात याची ओळख झाली. चार पिढ्या इंदुरात राहिलेलं मराठी घर. ‘मी तर तुलाच शोधून राहिलो होतो’ असं अस्सल इंदुरी मराठी बोलणारा. संध्याकाळी तो मला घरी घेऊन गेला. आईंनी नाव विचारलं, मी पूर्ण नाव सांगितलं. चहा झाला. मग त्यांनी मुलाला आत बोलावून घेतलं, काही कुजबुज झाली आणि तो बाहेर येऊन म्हणाला, “चल यार, तुला बाहेर मस्त खिलवतो.”

त्याने मला एका मुस्लिम वस्तीतल्या हॉटेलात नेलं. सीक कबाब आणि रोटी. कबाब उत्तम होते, पण माझ्या घशाखाली नीट उतरले नाहीत. या घरात आपल्याला पाट मिळाला नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. खोटं कशाला सांगू, चहाचा कपसुद्धा मी निरखून पाहिला होता. बाकीच्यांसारखाच होता. तरीही.

2008 साली कविसंमेलनाच्या निमित्ताने पुन्हा गेलो, तेव्हाही घरी चहा आणि बाहेर कबाब. मी काही बोललो नाही. आमची पत्रं चालू होती, पुढे फोन चालू राहिले, कवितांवरून भांडणंही झाली. एवढी एकच गोष्ट मी विचारली नाही. 2014 साली आई गेल्या.

या वेळी मात्र स्टेशनवरून स्कूटरवर बसवतानाच त्याला म्हटलं, “हे बघ, तू रोज जिथे खातोस तिथे ने. पाहुण्याच्या जागा नकोत.”

तो सकाळी सातलाच पोह्यांच्या गाडीवर घेऊन गेला. आपल्याकडे पोहे कढईत परततात. इथे पिवळे, मऊ पोहे वाफेवर ठेवलेले असतात. त्यात बडीशेप. वरून कांदा, शेव, डाळिंबाचे दाणे आणि जिरावन नावाची आंबटतिखट पूड. शेजारी गरम जिलबी. एक घास पोह्यांचा, एक जिलबीचा. माझ्या बशीत शेंगदाणा नव्हता, याचं सोलापूरकर म्हणून मला दुःख झालं. पण दुसरी बशीही मीच मागितली. गाडीवाला प्रत्येकाला ‘भिया’ म्हणत होता. भिया म्हणजे भैया. दुसऱ्या दिवशी मलाही भिया म्हणाला तेव्हा बरं वाटलं.

आणि रात्री सराफा. भुट्टे का कीस खाल्ला. कोवळं मक्याचं कणीस किसून तुपाच्या फोडणीवर टाकायचं, दूध घालून आटवायचं, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. नावात ‘भुट्टा’ हिंदीतला, पण ‘कीस’ या शब्दात मला तरी आपली किसणीच ऐकू आली. पुढे साबुदाण्याची खिचडी होती. उपासाचा पदार्थ रात्री अकराला, शेव नि जिरावन घालून, गर्दीत उभं राहून खायचा! रमजानमध्ये मोहल्ल्यात रात्री अशीच गर्दी असते. एकीकडे उपास सोडून खायचं आणि दुसरीकडे उपासाचंच खायचं, एवढाच फरक. आमच्या घरी आषाढीला शेजारून खिचडी येते, ती एवढी नटलेली नसते.

मग आम्ही गराडूपाशी थांबलो. गराडू हा कंद, थंडीतच मिळतो. तुकडे एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळतात, त्यावर जिरावन आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आतून पिठूळ आणि इतका गरम की बोलणं बंद होतं. मित्र फुंकर मारत म्हणाला, “तुला हे आवडतं? मी तर समजून राहिलो होतो की तुला मटणाशिवाय चालतच नाही. आई तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती.”

“काय म्हणाल्या होत्या?”

“घरात साधं वरण आणि दोडक्याची भाजी होती त्या दिवशी. आई म्हणाली, एवढ्या लांबून पाहुणा आला, त्यांना आपलं मिळमिळीत कसं वाढायचं? बाहेर ने, त्यांच्या आवडीचं खाऊ घाल.”

मी हातातला द्रोण तसाच धरून उभा राहिलो. मागच्या माणसाने “भिया, आगे बढ़ो” म्हटलं तेव्हा बाजूला झालो. मग त्याला माझी बाजू सांगितली, त्या कपासकट. तो कितीतरी वेळ गप्प होता. म्हणाला, “इतकी वर्षं? आणि तू माझ्याकडे येऊन राहिला होतास?”

आईंच्या मनात तेवढंच होतं की आणखी काही होतं, ते आता त्याच सांगू शकल्या असत्या. मला मित्राचं म्हणणं खरं वाटतं. वाटायला आणखी एक कारण आहे. हा एकदा सोलापूरला आमच्याकडे आला होता. माझ्या बायकोने तीन दिवस त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वांग्याची भाजी वाढली. चुलीजवळ मटणाचा वासही येऊ दिला नाही. निघताना स्टँडवर तो हळूच म्हणाला होता, “वहिनी शेरवा करत नाहीत का रे?”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बायकोने आम्हाला स्वयंपाकघरातच बसवलं. “भाऊजी, आज बाहेर नाही जायचं,” म्हणाल्या. साधं वरण, भात, तूप, लिंबाची फोड आणि दोडक्याची भाजी. मी भात कालवला. आता तरी शेवेशिवाय जेवायला मिळेल असं वाटलं होतं, तेवढ्यात मित्राने डबा उघडून माझ्या वरणभातावर मूठभर घातलीच.